कारच्या टायरमधलं पंक्चर सीलंट: कधी मारायचं, कसं मारायचं आणि कधी हातच लावायचा नाही

नवीन गाडी घेताना पेढे, हार, चावी घेतानाचा फोटो सगळं होतं, पण डिकीतलं कार्पेट उचलून खाली काय दिलंय ते बघणारे लय कमी. आज जाऊन बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत तिथं आता स्टेपनी नसते, एक छोटा कॉम्प्रेसर असतो आणि त्याच्या शेजारी औषधाची, म्हणजे पंक्चर सीलंटची बाटली. हे कुणी गुपचूप केलेलं नाही, २०२० मध्ये केंद्र सरकारनंच नियम बदलला, ट्यूबलेस टायर, टीपीएमएस म्हणजे टायरची हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लावणारी सिस्टीम, आणि पंक्चर रिपेअर किट अशा तिन्ही गोष्टी दिल्या असतील तर छोट्या पॅसेंजर गाडीला स्टेपनी देण्याची सक्ती नाही. त्यात ईव्हीत बॅटरीनं जागा खाल्ली, सीएनजीत टाकीनं डिकी खाल्ली, मग पाचवं चाक ठेवणार कुठं.

मग होतं काय, टायर बसतो आणि माणूस ती बाटली आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतो, तेही रात्री, रस्त्याच्या कडेला, मोबाईलच्या उजेडात, मागनं ट्रक जातायत आणि गाडीत पोरं विचारतायत झालं का. माझ्या पण गाडीला स्टेपनी नाही, हे सगळं स्वतःच्या हातानं करून झालंय, म्हणून जे घरी चहा पीत शांतपणे वाचायला पाहिजे ते इथं लिहून ठेवतोय.

आधीच सांगून टाकतो. सीलंटनं पंक्चर निघत नाही. गाडी पंक्चरच्या दुकानापर्यंत जाते, बास. "एकदा ओता, आयुष्यभर टेन्शन नाही" असं सांगून कुणी बाटली गळ्यात मारली असेल तर ते विसरून पुढचं वाचा.

१. आधी ओळखा, तुमच्याकडं कुठलं औषध आहे

सीलंट या एकाच नावानं दोन पार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि निम्मा घोळ इथंच होतो.

पहिलं इमर्जन्सीचं, पंक्चर झाल्यावर मारायचं. गाडीबरोबर कॉम्प्रेसर आणि बाटली येते ते हे. नाहीतर स्प्रेचा डबा मिळतो, त्यात औषध आणि गॅस एकत्रच असतो, नळी व्हॉल्व्हला लावली की दोन्ही आत जातं. यातलं औषध बहुतेक वेळा लॅटेक्स असतं, म्हणजे रबराचा चीक, पांढरा, अमोनियाचा उग्र वास येतो. भोकातनं हवेबरोबर बाहेर यायला लागला की तो तिथंच गोठतो आणि बूच बसतं. हे तात्पुरतं असतं, बऱ्याच किटवर जास्तीत जास्त २०० किलोमीटर किंवा जवळच्या दुकानापर्यंत असं लिहिलेलं असतं आणि ते खरं धरायचं.

दुसरं म्हणजे टायर चांगला असतानाच आत भरून ठेवायचं. हा ग्लायकॉलचा घट्टसर द्रव, त्यात बारीक तंतू आणि रबराचा चुरा. चाक फिरलं की त्याचा थर टायरच्या आतल्या बाजूला पसरतो आणि भोक पडलं की आतली हवाच हे तंतू भोकाकडं ढकलते, मोरीच्या जाळीत केस अडकून पाणी तुंबतं तसा तिथं गुंता बसतो आणि हवा थांबते. हे टायरमध्ये ओलंच राहतं, बरेच महिने चालतं, मग हळूहळू वाळत जातं.

बाटली फिरवून मागचं लेबल वाचा, कुठलं आहे ते लिहिलेलं असतं. पहिलं आधीच भरून ठेवायचं नाही आणि दुसरं बसलेल्या टायरमध्ये ओतून चमत्काराची वाट बघायची नाही.

दोन्हीची मर्यादा साधारण सारखीच, टायर रस्त्याला जिथं टेकतो त्या भागातलं भोक आणि तेही ६ मिलिमीटरपर्यंत. साईडवॉलला म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला काहीही झालं असेल तर दोन्ही निरुपयोगी.

२. कोल्हापुरात खरंच गरज कुणाला?

गावात फिरणाऱ्याला जवळजवळ नाहीच. राजारामपुरी, शाहूपुरी, गंगावेश, कुठंही टायर बसला तर हाकेच्या अंतरावर पंक्चरवाला असतो, पेट्रोल पंपावर हवा मिळते. स्टेपनी आहे, जॅक आहे आणि चाक बदलायला येतं, तर तुम्ही सीलंटपेक्षा चांगल्या जागी आहात, बाटलीच्या नादाला लागू नका. फक्त स्टेपनीत हवा आहे का ते महिन्यातनं एकदा बघा, कारण लय गाड्यांची स्टेपनी लागते त्याच दिवशी कळतं की तिच्यातही हवा नाही.

गरज पडते ती गाव सोडल्यावर. गोव्याला जाताना राधानगरी सोडून दाजीपूरच्या जंगलात शिरलात की मोबाईलची रेंज जाते आणि फोंडा घाट उतरेपर्यंत मदतीला कोण मिळेल याचा भरवसा नाही. गगनबावड्याकडं पावसाळ्यात, आंबोलीच्या रस्त्याला धुक्यात, आंबा घाटात रात्री, तीच कथा. आणि पुणे-बेंगळुरू हायवेवर सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामानं कुठं डायव्हर्जन, कुठं सर्व्हिस रोड, कुठं सळईचे तुकडे, तिथं गाडी बाजूला घेऊन जॅक लावायला सरळ जागा मिळेलच असं नाही.

आपल्याकडं पंक्चरची कारणंही आपलीच आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित, रोज एमआयडीसीत जाणाऱ्याला माहीत आहे, फौंड्री आणि मशीन शॉपमधनं बाहेर पडणाऱ्या टेम्पोतनं लेथची बर म्हणजे धातूचा कातलेला चुरा सांडत जातो, ती बर कडक, धारदार आणि पीळ पडलेली. उसाचा सीझन चालू झाला की बैलगाड्या रस्त्यावर आणि बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांचे खिळे पण रस्त्यावर. हा खिळा सरळ घुसतो, भोक गोल आणि छोटं पडतं, अशा भोकावर सीलंट झकास काम करतं. बरीनं टायर कापला जातो, चीर पडते, आणि चिरेवर सीलंटचा भरवसा कमी. एवढं लक्षात ठेवलं तरी रस्त्यावर निम्मा निर्णय झाला.

३. डिकीत काय काय पाहिजे

- कॉम्प्रेसर, १२ व्होल्टचा. गाडीबरोबर नसेल तर विकत घ्या. सीलंट घेतलं नाही तरी चालेल, कॉम्प्रेसर घ्याच, का ते पुढं सांगतो.
- सीलंटची बाटली, तुमच्या टायरच्या साईजला पुरेल एवढी. टायरवर १८५/६५ आर १५ असं काहीतरी लिहिलेलं असतं, बाटलीवर साईजचा तक्ता असतो, जुळवून घ्या. बाईकची छोटी बाटली कारला पुरत नाही.
- व्हॉल्व्हची पिन काढायचा छोटा पाना आणि एकदोन जादा पिना. लय स्वस्त मिळतात.
- हवा मोजायचा साधा मीटर. स्वस्त कॉम्प्रेसरवरचा काटा अंदाजपंचे असतो.
- रिफ्लेक्टरचा त्रिकोण, टॉर्च, रबरी हातमोजे, जुनी फडकी, एक बाटली पाणी.
- पकड.

कागदपत्रांत इन्शुरन्स पॉलिसी काढून रोड साईड असिस्टन्सचं कव्हर घेतलंय का बघा, असेल तर तो नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा. नॅशनल हायवेवर १०३३ हा मदतीचा नंबर आहे, तोही. टायरचं वॉरंटी कार्ड वाचा, काही कंपन्या सीलंट वापरलेल्या टायरचा क्लेम घेत नाहीत, ते बारीक अक्षरात असतं. आणि किटच्या मॅन्युअलमधल्या त्या दोन पानांचे फोटो काढून ठेवा, कारण दाजीपुरात नेटवर शोधता येणार नाही.

मग एका रविवारी घराखालीच कॉम्प्रेसर काढून चारी चाकांत हवा भरून बघा. किती हवा पाहिजे ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकरवर असतं, गाडी थंड असताना मोजायची. वायर मागच्या चाकापर्यंत पोचते का, सॉकेटचा फ्यूज उडतो का, हे सगळं तेव्हाच कळतं. काही स्वस्त कॉम्प्रेसर एवढा करंट ओढतात की लायटर सॉकेटचा फ्यूज जातो, तो अनुभव घराखाली आलेला बरा.

४. टायर बसलाय. बाटलीला हात लावायच्या आधी

स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागलं, फडफड आवाज आला किंवा टीपीएमएसचा दिवा लागला की जोरात ब्रेक मारू नका, हळूहळू स्पीड कमी करत डाव्या कडेला, शक्यतो सपाट जागी घ्या. हजार्ड लाईट, हँडब्रेक, त्रिकोण मागं बऱ्याच अंतरावर. गाडीतली माणसं बाहेर, रस्त्यापासून लांब, डाव्या बाजूला. चार पावलं जास्त चालवली तर काय होतंय असं म्हणून बसलेल्या टायरवर गाडी चालवत जाऊ नका, कारण रिम आणि रस्ता यांच्यामध्ये साईडवॉल चिरडते आणि मग साध्या पंक्चरचा नवा टायर होतो.

आता टॉर्च घेऊन टायर बघा. यात खरी अक्कल लागते, पुढचं सगळं नुसतं हाताचं काम.

खिळा किंवा स्क्रू दिसतोय, तो आतच आहे आणि टायर पूर्ण बसलेला नाही, हवा हळूहळू जातेय? मग सीलंट मारूच नका. खिळा काढू पण नका, तोच बूच आहे. कॉम्प्रेसर लावा, हवा स्टिकरवरच्या आकड्यापर्यंत भरा, पाच मिनिटं थांबून परत मोजा. दोनतीन पीएसआय उतरली तर एवढ्या हवेवर तुम्ही सहज पुढच्या गावाला जाल, मध्ये एकदा थांबून परत भरा. ट्यूबलेस टायरमधली बहुतेक पंक्चरं अशीच असतात, म्हणून म्हटलं कॉम्प्रेसर घ्याच. बाटली फोडली की ती गेली, परत नवी घ्या, टायर साफ करायचा व्याप वेगळा. हवा फुकट आहे.

काहीच दिसत नाही? व्हॉल्व्हवर थोडं पाणी टाका, बुडबुडे आले तर पिन लीक आहे, पिन घट्ट करा किंवा बदला, पंक्चर नाहीच.

हवा भरली की भसाभस जातेय, पण भोक रस्त्याला टेकणाऱ्या भागातच आहे, छोटं आहे: इथं सीलंट.

आणि इथं सीलंट अजिबात नाही:

- साईडवॉल फाटलीय, फुगा आलाय, किंवा भोक अगदी खांद्याला म्हणजे कडेच्या वळणावर आहे.
- खड्ड्यात आपटून रिम वाकलीय आणि हवा रिमच्या कडेनं जातेय. आपल्याकडच्या पावसाळी खड्ड्यांनी अलॉयचं हे नेहमी होतं, सीलंट तिथं बसत नाही.
- टायर रिमवरनं उतरलाय.
- बोटभर चीर.
- बसलेल्या टायरवर गाडी बरीच पळालीय, साईडवॉलवर गोल घासल्याची रेघ दिसतेय.
- टायर गोटा झालाय. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, खाच १.६ मिलिमीटरवर आली की रबर त्या उंचवट्यांच्या लेव्हलला येतं, तिथं पोचलेला टायर बदलायचाच असतो.

यातलं काही असेल तर टो किंवा असिस्टन्सला फोन. बाटली मारून काही फायदा नाही, उलट आत चिकट राडा.

५. बाटली मारायची पद्धत

खिळा आत असेल तर राहू द्या. हातमोजे घाला, लॅटेक्स कातडीला आणि कपड्याला चिकटतं, काही जणांना त्याची अ‍ॅलर्जी पण असते.

बाटली जोरात हलवा, मिनिटभर तरी. खाली बसलेला गाळ वर यायला पाहिजे. ही पायरी लोक हमखास गाळतात, मग नुसतं पाणी आत जातं आणि म्हणतात औषध बोगस आहे.

चाक असं असू दे की व्हॉल्व्ह अगदी तळाला नसेल, घड्याळाच्या ४ किंवा ८ वर बरा. तळाला असला की औषध व्हॉल्व्हच्या तोंडाशीच साचतं. गाडी हलवायला लागत असेल तर हातभर पुढंमागं घेतली तर चालते.

इथनं पुढं दोन रस्ते.

बाटली कॉम्प्रेसरवर बसणारी असेल तर: कॉम्प्रेसर बंद आहे ना बघा, बाटली त्यावर उलटी फिरवून घट्ट बसवा, बाटलीची नळी टायरच्या व्हॉल्व्हवर आटे लागेपर्यंत फिरवा. व्हॉल्व्हची पिन काढायची नाही. गाडी चालू ठेवा म्हणजे बॅटरी उतरत नाही, न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि बंद पार्किंगमध्ये असाल तर दार उघडं, धूर कोंडतो. मग कॉम्प्रेसर चालू.

आता घाबरायचं नाही, काटा एकदम उडी मारतो, ७०-८० पीएसआय पण दाखवतो. टायर फुटणार म्हणून लोक झटकन बंद करतात. ते टायरचं प्रेशर नाही, घट्ट औषध बारीक व्हॉल्व्हमधनं ढकललं जातंय त्याचं आहे. अर्ध्या मिनिटाभरात औषध आत गेलं की काटा खाली येतो आणि मग हळूहळू खरी हवा चढायला लागते. हे मॅन्युअलमध्ये असतंच पण कोण वाचतंय.

बाटली वेगळी, दाबून मारायची असेल तर: टायरमधली उरलेली हवा पूर्ण सोडा, पान्यानं व्हॉल्व्हची पिन काढा, पिन खिशात टाका, जमिनीवर ठेवलेली पिन अंधारात सापडत नाही. नळी लावा, बाटली उलटी धरून पिळा, सगळी रिकामी झाली की व्हॉल्व्हचं तोंड फडक्यानं पुसा, पिन बसवा आणि आता कॉम्प्रेसर लावा.

स्प्रेचा डबा असेल तर डबा सरळ उभा धरायचा की उलटा ते डब्यावर लिहिलेलं असतं, तसंच करा, अंदाज नको. डबा संपला तरी हवा पूर्ण होत नाही बऱ्याचदा, टायर फक्त रिमवरनं उचलला जातो, त्याच्यापुढं कॉम्प्रेसर लागतोच.

कॉम्प्रेसर सलग १० मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका, तापून जळतो. हवा भरताना टायरच्या समोर तोंड घालून बसू नका, बाजूला उभे राहा, साईडवॉल फुगायला लागली किंवा कडकड आवाज आला तर लगेच बंद.

१० मिनिटांत २६ पीएसआयच्या आसपास पण पोचत नाही? नळी काढा, गाडी दहा मीटर पुढं, दहा मीटर मागं घ्या म्हणजे औषध पसरेल, परत एकदा प्रयत्न करा. तरी नाही, तर भोक सीलंटच्या आवाक्यातलं नाही, फोन काढा. तिसऱ्यांदा प्रयत्न करण्यात रात्र जाते, दुसरं काही होत नाही.

६. लगेच निघा, आणि परत थांबा

हवा भरली की गप्पा मारत उभं राहायचं नाही, सामान डिकीत टाकायचं आणि निघायचं. औषध तळाशी साचलेलं असतं, चाक फिरलं तरच ते भोकापर्यंत जातं. ८० च्या वर जायचं नाही, किटमध्ये ८० लिहिलेला स्टिकर असतो तो स्टेअरिंगजवळ लावायला दिलेला असतो, शोपीस नाही तो. जोरात ब्रेक नको, वळणावर जोर नको.

घाटाच्या माथ्यावर असाल आणि भरलेली गाडी घेऊन खाली उतरायचं असेल, त्यातही पुढचं चाक असेल, तर माझं मत स्पष्ट आहे, मागं फिरा. फोंडा घाटाच्या तोंडाशी आहात तर राधानगरीकडं या, कोकणात जायची घाई दोन तासांनी पण करता येते. सलग ब्रेक आणि वळणं, आणि टायरमध्ये गोठायच्या बेतात असलेला चीक, हा जुगार कशाला.

१० मिनिटं किंवा पाचदहा किलोमीटर झाले की थांबा आणि मीटर लावा. हीच खरी परीक्षा. १९ पीएसआयच्या खाली आली असेल तर संपलं, गाडी पुढं नेऊ नका. त्याच्या वर आहे पण थोडी उतरलीय, तर स्टिकरवरच्या आकड्यापर्यंत भरा आणि हळू दुकान गाठा. जेवढीच्या तेवढी असेल तर बूच बसलं.

७. पंक्चरच्या दुकानात

पहिलं वाक्य हे: "मामा, आत सीलंट मारलंय." न सांगता चाक टेकवलंत तर टायर उघडताना सगळं त्यांच्या अंगावर उडतं, आणि मग जे ऐकायला मिळतं ते बरोबरच असतं. स्प्रेचा डबा मारला असेल तर सांगणं जास्त गरजेचं, काही डब्यांतला गॅस पेट घेणारा असतो, आणि टायर चढवलेला असतानाच रिमला आच देणं किंवा भोकात कानस फिरवताना ठिणगी पडणं, दोन्ही धोक्याचं. आधी हवा पूर्ण सोडून मोकळ्या जागेत टायर उघडायचा.

काही दुकानदार म्हणतील, हवा धरतेय की, कशाला खोलताय. खोलायचं. बाहेरनं ती चिकट दोरी घुसवून घालवायचं पण नाही, ओल्या सीलंटवर सोल्युशन नीट धरत नाही आणि आत काय झालंय ते दिसत पण नाही. टायर उतरवून पाण्यानं धुवायचा, लॅटेक्स सोलून निघतं, पूर्ण वाळवायचा, आतनं साईडवॉल तपासायची. आत काळा रबराचा भुगा दिसला किंवा साईडवॉल खरबरीत झालेली असेल तर तो टायर गेला, पॅच मारून पण वापरू नका. नसेल तर आतनं पॅच किंवा मश्रूम प्लग, म्हणजे छत्रीच्या आकाराचं बूच. व्हॉल्व्हची पिन नवी टाका, जुनीत औषध अडकून ती नंतर लीक होते. टीपीएमएसचा सेन्सर रिमच्या आत व्हॉल्व्हपाशी असेल तर ओल्या फडक्यानं हळूच पुसून घ्या, त्याचं बारीक भोक बुजलं की चुकीचं रीडिंग येतं. सगळ्यात शेवटी बॅलन्सिंग.

कटकटीचं काम आहे, वेळ लागतो, मामा थोडे जास्त मागतील. द्या.

८. आधीच भरून ठेवायचं असेल तर

मी कारला नाही म्हणतो. टू व्हीलरला, ट्रॅक्टरला, शेतातच फिरणाऱ्या गाडीला ठीक. कारमध्ये त्रास असा की खिळा घुसलाय हे तुम्हाला कळतच नाही, तो महिनोन्महिने आत राहतो, भोकातनं पाणी टायरच्या पोलादी तारांपर्यंत जातं आणि तारा गंजतात. हायवेला १०० च्या पुढं स्टेअरिंग थरथरतं कारण गाडी रात्रभर उभी राहिली की औषध तळाला साचतं. वाळल्यावर आत गोळे होतात.

पण रोज एमआयडीसीत जायचंय आणि आठवड्याला पंक्चर होतंय, भरायचंच आहे म्हणत असाल तर निदान असं भरा. टायर निम्म्यापेक्षा कमी झिजलेला असू दे, आधीची पंक्चरं नीट काढलेली, बॅलन्सिंग आधी करून घेतलेलं. बाटलीवर अलॉयला आणि टीपीएमएसला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, रिम गंजवणारी स्वस्त औषधं पण मिळतात. चाक जॅकवर उचला, व्हॉल्व्ह ४ किंवा ८ वर, हवा सोडा, पिन काढा, तक्त्यात तुमच्या साईजला दिलंय तेवढंच औषध मोजून ओता, जास्त ओतल्यानं जास्त फायदा होत नाही. चारी चाकांत सारखं. पिन बसवा, हवा भरा आणि लगेच पाचदहा किलोमीटर चक्कर मारा, शिये फाट्यापर्यंत जाऊन आलात तरी झालं. तारीख लिहून ठेवा. आणि महिन्यातनं एकदा टायरवर हात फिरवून खिळे शोधा, कारण आता टायर स्वतः सांगणार नाही.

९. बाटलीची निगा

बाटलीवर एक्सपायरी असते, इमर्जन्सीच्या बाटल्या साधारण चारेक वर्षांपासून पुढं टिकतात, जुनी गाडी घेतली असेल तर पहिलं हे बघा, पहिल्या मालकानं कधीच बदललेली नसते. वापरली की बाटली नवी आणि नळी पण नवी, नळीत औषध वाळून ती बंद होते.

स्प्रेचा डबा ५० अंशांच्या वर ठेवू नका असं त्यावर छापलेलं असतं. एप्रिल-मे मध्ये उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड आणि मागची काचेखालची फळी तेवढी सहज तापते, म्हणून डबा डिकीत खाली, फडक्यात गुंडाळून, आणि दिवसभर उन्हात गाडी लावायची असेल तर घरी काढून ठेवलेला बरा.

ग्लायकॉलवाल्या बाटल्या पोरांपासून आणि कुत्र्यामांजरांपासून लांब ठेवा, काहींत इथिलीन ग्लायकॉल असतं, ते चवीला गोड आणि विषारी. उरलेलं गटारात ओतू नका. कपड्यावर लॅटेक्स उडालं तर ओलं असतानाच भरपूर पाण्यानं धुवा, वाळलं की ती पँट गाडी धुवायलाच उपयोगी.